बाजूच्या सीटपासून सुरुवात करा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय 26. बरीच वर्षं रॅली बघायला जातात, आता स्वतः उतरायचं आहे. जवळ बारा वर्षं जुनी, 1.3 लिटरची, फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक आहे आणि दोन वर्षं पगारातून बाजूला टाकलेले पैसे आहेत. बेत असा: निम्मे पैसे इंजिनाला (कॅमशाफ्ट, ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक, सायलेन्सर), मग अलॉय व्हील्स, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग्ज आणि रंग. रोल केज (गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवायचा पाइपांचा सांगाडा) रेलिंग बनवणारा मित्र स्वस्तात करून देतो म्हणतो. स्वतःसाठी सेकंडहँड बकेट सीट (अंग घट्ट धरणारी स्पर्धेची सीट) बघितली आहे. बाजूला मामेभाऊ बसेल, त्याला पहिलं वर्ष कंपनीची सीट. एरवी हीच गाडी कामावर न्यायची. विचारतात: इंजिनाला एवढे पैसे पुरतील का, की ही गाडी विकून जास्त ताकदीची घ्यावी? वडील म्हणतात, पैसे पाण्यात घालतोयस.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमची ओढ भावली. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली आणि मामेभावाचा उल्लेख जिथे येतो तिथे खूण केली. चार पानांच्या पत्रात दोनच खुणा झाल्या: ‘बाजूला मामेभाऊ बसेल’ आणि ‘त्याला सध्या कंपनीची सीट चालेल’. इंजिनाचं उत्तर देतोच. पण सुरुवात या दोन वाक्यांपासून करावी लागेल, कारण तुमचं सगळं बजेट तिथूनच नव्याने मांडायचं आहे.

रॅलीच्या गाडीत चालवणाऱ्याच्या हातात निदान स्टिअरिंग असतं. पुढे काय येतंय ते त्याला दिसतं, धक्का बसायच्या आधी अंग आपोआप आवळलं जातं. बाजूला बसलेल्याची मान खाली आणि डोळे नोट्सवर, म्हणजे पुढच्या वळणांच्या लिहून ठेवलेल्या माहितीवर. गाडी झाडाकडे घसरत असते तेव्हा तो पुढची ओळ वाचत असतो. तो तुमच्या हातांच्या भरवशावर बसलेला असतो आणि तुम्ही त्याच्या वाचनाच्या भरवशावर न दिसणाऱ्या वळणात शिरता. अशा माणसाला कमी प्रतीची सीट द्यावी, असं तुमच्या मनात नसणार. हिशेब करताना नजरेतून सुटलं असेल, इतकंच. शिवाय नियमही ते होऊ देणार नाहीत. बंद रस्त्यावर स्पेशल स्टेजेस (वेळ मोजून जोरात चालवायचे टप्पे) असलेल्या रॅलीत दोन्ही सीट, दोन्ही हार्नेस (माणसाला सीटला बांधणारे पट्टे), दोन्ही हेल्मेट सारख्याच काटेकोरपणे तपासली जातात. कंपनीच्या सीटने पैसे वाचणार नाहीत. स्क्रूटिनीतच, म्हणजे रॅलीआधीच्या गाडीच्या तपासणीतच, तुमची रॅली संपेल.

आता केज. तुमच्या मित्राचं वेल्डिंग सुबक असेल, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न पाइपचा आहे. रेलिंगला वापरतात तो पाइप बहुतेकदा पट्टी गोल वळवून शिवणीवर जोडलेला असतो आणि त्याचं पोलाद नेमकं कोणतं, हे कुणी विचारत नाही. एफआयए या मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या नियमांतलं, परिशिष्ट ‘जे’मधलं कलम 253 केजसाठी बिनशिवणीचा, कोल्ड ड्रॉन कार्बन स्टीलचा पाइप मागतं, ज्याची ताणशक्ती प्रति चौरस मिलिमीटर किमान 350 न्यूटन असावी. मुख्य, म्हणजे सीटमागच्या, कमानीसाठी 45 मिलिमीटर व्यास आणि 2.5 मिलिमीटर जाडी, किंवा 50 आणि 2. बाकीच्या पाइपांना 38 आणि 2.5 किंवा 40 आणि 2. वाकवताना वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट. हे आकडे ऐकायला रुक्ष वाटतात, पण गाडी छतावर पडते तेव्हा हेच आकडे तुमच्या आणि मामेभावाच्या डोक्यावर उभे असतात.

केजचे पाय कुठे टेकतात, हे तर मला पाइपइतकंच महत्त्वाचं वाटतं. गाडीच्या फ्लोअरचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो. त्यावर नुसता पाय ठेवून बोल्ट मारला, तर गाडी उलटताना केज शाबूत राहतो आणि पाय फ्लोअर फाडून खाली जातो. म्हणून कमानींच्या प्रत्येक पायाखाली किमान 3 मिलिमीटर जाडीची, 120 चौरस सेंटिमीटरची पट्टी फ्लोअरला वेल्ड करायची आणि पाय बोल्टने बसवत असाल तर एम8 मापाचे किमान तीन बोल्ट. तुमच्या देशातल्या मोटर स्पर्धा महासंघाच्या नियमपुस्तकात याहून वेगळं काही असेल तर ते पाळायचं. ते पुस्तक हातात आल्याशिवाय पत्र्याला कटर लावू नका. केज मात्र ज्याने आधी रॅलीचे केज केलेत आणि ते स्क्रूटिनीत पास झालेत, त्याच्याकडूनच घ्या. मित्राला नाराज करायची गरज नाही. संप गार्ड (इंजिनाच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा), बॅटरीचा ट्रे, स्टेपनी आणि जॅक घट्ट बसवायच्या क्लिपा, मडफ्लॅपच्या पट्ट्या, अशी त्याच्या हातची भरपूर कामं आहेत.

याच गाडीने कामावर जायचा विचार सोडून द्या. हे मी खर्चाकडे बघून सांगत नाही. केजचा पाइप तुमच्या कानापासून वीतभर अंतरावर असतो. रॅलीत डोक्यावर हेल्मेट असतं, अंग हार्नेसने सीटला बांधलेलं असतं, पाइपवर पॅडिंग असतं. ऑफिसला जाताना यातलं निम्मं नसतं. मागून कुणी हळूच जरी ठोकलं, तरी उघडं डोकं थेट लोखंडावर आदळू शकतं. जी वस्तू स्टेजवर जीव वाचवते तीच भर रस्त्यात उघड्या डोक्याला घातक ठरते. दोन्ही कामांना एकच गाडी हवी असेल, तर केज न लागणाऱ्या प्रकारात उतरा. त्याबद्दल पुढे सांगतो.

सेकंडहँड बकेट सीटचं लेबल वाचलंत का? सीटच्या पाठीवर किंवा बाजूला एफआयएचं लेबल असतं, त्यावर मानक आणि उत्पादनाचं वर्ष छापलेलं असतं. 8855-1999 मानकाची सीट पाच वर्षं चालते, 8862-2009 ची दहा. मुदत संपलेली सीट कितीही स्वस्त मिळाली तरी ती तुमच्यासाठी नुसती खुर्ची आहे. हार्नेसचंही तसंच. अपघातात ताण आलेला हार्नेस दिसायला नवा दिसतो, पण त्याची वीण आतून ताणलेली असते. म्हणून हार्नेस नवाच घ्या. खांद्याचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेच्या 45 अंशांहून खाली उतरता कामा नयेत. ते फ्लोअरला बांधले, तर धक्क्यात तुमचा पाठीचा कणा दाबतात. हेल्मेटला जोडायचा मानेचा आधार, ज्याला सगळे हान्स म्हणतात, दोघांसाठी घ्या. वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपमध्ये तो 2005 पासून सक्तीचा आहे. अग्निशामक, बेल्ट कापायचे कटर, मेन स्विच या गोष्टी नियमपुस्तकात ओळीने दिल्या आहेत. फक्त एक करा: कटर आणि अग्निशामकाचं बटण दोघांच्याही हाताशी येतं का, हे दोघांनी हार्नेस आवळून बसून तपासा. नुसतं उभं राहून बघितलं की सगळं हाताशी वाटतं.

एवढा खर्च मांडल्यावर इंजिनाला काही उरत नाही, असं तुमच्या लक्षात आलं असेल. उरू नयेच. पहिल्या वर्षी इंजिनाला हात लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ताकद वाढली की ती पेलायला क्लच, गिअरबॉक्स, एक्सल, रेडिएटर, ब्रेक सगळंच वाढवावं लागतं. तुम्ही कॅमशाफ्टचे पैसे मोजले आहेत, त्यामागून येणारे मोजलेले नाहीत. कॉम्प्रेशन तपासा. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज पाइप, प्लग, इंजिन माउंटिंग बदला. ऑइल आणि कूलंट ताजं घाला. बस्स.

कमी ताकदीच्या गाडीची लाज वाटत असेल, तर एरिक कार्लसन आठवा. 1960, 1961 आणि 1962 अशी सलग तीन वर्षं त्यांनी ब्रिटनची आरएसी रॅली जिंकली, ती साब 96 मध्ये. पुढची चाकं ओढणारी गाडी, टू-स्ट्रोक तीन सिलिंडरचं साडेआठशे सीसीच्याही आतलं इंजिन. वळणात वेग टाकून द्यायचा नाही, कारण तो परत मिळवायला ताकदच नाही, हे ती गाडी चालवणाऱ्याला शिकवायची. तुमची 1.3 तुम्हाला तेच शिकवेल. 1960 मध्ये कार्लसनच्या बाजूला बसलेले स्टुअर्ट टर्नर पुढे बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या स्पर्धा विभागाचे प्रमुख झाले आणि तिच्या मिनी या छोट्या गाडीच्या माँटे कार्लो रॅलीतल्या विजयांमागे उभे राहिले. बाजूच्या सीटवर बसणारा माणूस रॅली किती आतून शिकतो, ते यावरून दिसतं.

मग गाडी कोणती, तुमची की दुसरी? जास्त ताकदीची घेऊ नका, हे वर आलंच. पण एक तिसरा पर्याय तुमच्या पत्रात नाही, तो म्हणजे कुणीतरी तयार केलेली रॅलीची गाडी विकत घेणं. अशी गाडी जवळपास नेहमीच बनवायला लागलेल्या खर्चाहून बऱ्याच कमी किमतीत विकली जाते, त्यामुळे नुसता पैशांचा हिशेब केला तर हाच पर्याय जिंकतो. घेताना केजची कागदपत्रं बघा, सीट-हार्नेसच्या तारखा बघा. पुढच्या शॉकअपचा वरचा टॉवर आणि बॉनेटची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते बघा, कारण उंचावरून आदळलेल्या गाडीचा पत्रा तिथेच दुमडतो. बनवण्यातच तुम्हाला आनंद असेल, आणि पत्रावरून तसं वाटतंय, तर तुमची हॅचबॅक उत्तम. मात्र आधी तिचा गंज बघा.

तो बघायची रीत सांगतो. सीट, कार्पेट, छताचं कापड, दारांचे पॅनेल सगळं बाहेर काढा. फ्लोअरवर डांबरासारख्या काळ्या शीट चिकटवलेल्या असतात, त्या खरवडून काढा. दोन सुट्ट्या त्यातच जातील, खांदे दुखतील. पण त्या शीटखालीच पाणी साचलेलं असतं. मग एक जाड स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि दारांच्या खालच्या पट्टीवर, मागच्या सस्पेन्शनच्या जोडांवर, पुढच्या टॉवरभोवती टोचत जा. ‘टक्क’ असा आवाज आला की पत्रा धड. आवाज बसका आला आणि टोक आत रुतलं, तर तिथे गंजाचा पापुद्रा आहे. असं एखाद्या ठिकाणी सापडलं तर कापून नवा पत्रा लावता येतो. चारही कोपऱ्यांत रुतलं, तर हे शेल (गाडीचा रिकामा सांगाडा) सोडा आणि तयार गाडीकडे वळा. त्यात वाईट वाटून घेऊ नका. केजवर खर्च करण्याआधी हे कळणं हाच तुमचा फायदा.

शेल धड निघालं की आधी दुरुस्ती, मग केज, मग साधा रंग, आणि त्यानंतरच वायरिंग आणि पाइप. हा क्रम उलटला की वेल्डिंगच्या ठिणग्यांत नवं वायरिंग जळतं. ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप गाडीच्या पोटाखालून जात असतील, तर नियमांत बसतं तिथे ते आतून घ्या. नाही तर भक्कम आवरण घाला. कच्च्या रस्त्यावर दगड पोटावर गोळीसारखे लागतात.

खाली बसवणाऱ्या स्प्रिंग्जचा विचार डांबरी सर्किटवर ठीक आहे. मातीच्या स्टेजवर चाकाला वर-खाली व्हायला जागा हवी. ती नसेल तर गाडी खड्ड्यात आदळते आणि उसळल्यावर चाक जमीन सोडतं. हवेतलं चाक ना वळवतं ना थांबवतं. माझ्या मते केजनंतरचा सगळ्यात मोठा खर्च शॉकअपवर व्हावा. साधे शॉकअप लांब, खडबडीत स्टेजवर तापतात, आतल्या तेलाला फेस येतो आणि शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये गाडी होडीसारखी डुलायला लागते. खास रॅलीचे परवडत नसतील, तर निदान गॅसचे चांगले, नवे, आणि त्यांच्यासोबत नवे बुश, बॉल जॉइंट, बेअरिंग.

ब्रेकला मोठ्या डिस्क नकोत. तापमान सोसणारे पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल पुरेल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं: नवं ‘डॉट 4’ प्रतीचं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषलेल्याची हद्द 155 पर्यंत खाली येते. उतारावरच्या स्टेजवर पेडल एकदम पोकळ होतं, त्यामागे बहुतेकदा हेच जुनं ऑइल असतं. ते दर रॅलीआधी बदला, फार खर्च नाही. अलॉय व्हील्सचे पैसे टायरमध्ये घाला. मातीसाठी मातीचे टायर, आणि दोन स्टील रिम जास्तीच्या.

माझ्या पहिल्या रॅलीचं सांगतो. मीही कॅमशाफ्ट बदलला होता. तिसऱ्या स्टेजनंतर, दोन स्टेजमधल्या साध्या रस्त्याच्या टप्प्यात, गाडी एकाएकी बंद पडली, दिवेही गेले. अंधारात आम्ही दोघं प्लग, फ्यूज, पंप चाचपत राहिलो. शेवटी बाजूला बसणाऱ्या माझ्या नॅव्हिगेटरचा हात बॉडीला जोडलेल्या बॅटरीच्या अर्थिंगच्या वायरवर पडला. बोल्ट निघून गेला होता, वायर लोंबत होती. दहा नंबरचा पाना, एक बोल्ट. तोवर उशिराची मर्यादा ओलांडली होती आणि आम्ही बाद झालो होतो. त्याने त्या रॅलीसाठी चार रात्री रोडबुकवर (रॅलीच्या वाटेचं पुस्तक) घालवल्या होत्या. तो मला एक शब्दही बोलला नाही, आणि ते मला आजही लागतं.

तेव्हापासून मी पांढरं पेंट मार्कर वापरतो. प्रत्येक महत्त्वाचा नट ठरलेल्या टॉर्कवर आवळायचा आणि मग नटापासून पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. सर्व्हिसमध्ये, म्हणजे रॅलीतल्या दुरुस्तीच्या थांब्यात, गाडी जॅकवर घेतली की टॉर्च मारून फक्त रेघा बघायच्या. रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरला. सस्पेन्शन, स्टिअरिंग, संप गार्ड, ब्रेक कॅलिपर, इंजिन माउंटिंग, बॅटरी. मामेभाऊसुद्धा हे काम करू शकतो, आणि त्याने करावंच. आपण बसतो ती गाडी त्याने हाताने ओळखायला हवी.

पैशांचे दहा भाग केले तर माझी वाटणी अशी: साधारण चार भाग केज, सीट, हार्नेस आणि दोघांच्या अंगावरचं सामान. तीन भाग पत्रा, शॉकअप, ब्रेक आणि टायर. दोन भाग लायसन्स, प्रवेश फी, पेट्रोल आणि प्रवास. एक भाग बाजूला ठेवायचा, कारण पहिल्या रॅलीनंतर गाडी काहीतरी मागतेच. बऱ्याच जणांची गाडी चकचकीत तयार होते आणि प्रवेश फी भरायला पैसे नसल्याने शेडमध्ये उभी राहते. यात तुमचे पैसे पुरत नसतील, तर सामानात कपात करू नका, एक वर्ष उशीर करा.

ते वर्ष रिकामं जाणार नाही. टाइम-स्पीड-डिस्टन्स प्रकारच्या रॅलीत ठरलेला सरासरी वेग राखायचा असतो. लवकर पोहोचलात तरी दंड, उशिरा पोहोचलात तरी दंड. रस्ते चालू असतात, वेग साधा असतो आणि बहुतेक ठिकाणी आहे तशी गाडी चालते. कामावर न्यायच्या गाडीने रॅली करायची तुमची इच्छा इथे पूर्ण होईल, आणि रोडबुक, वेळा नोंदवायचं टाइम कार्ड, ती नोंद होते तो कंट्रोल यांची तुम्हा दोघांनाही सवय होईल. सोबत एखाद्या रॅलीत मार्शल (स्टेजवर सुरक्षा बघणारा माणूस) म्हणून उभे राहा. रस्त्याकडेला उभं राहून तुम्ही इतकी वर्षं गाड्या बघितल्यात. मार्शल झालात की कोणती गाडी कशामुळे थांबते ते जवळून दिसेल.

वडिलांशी वाद घालू नका. त्यांना खर्चाचा कागद दाखवा, ज्यात पहिले चार भाग दोन मुलांच्या जिवासाठी आहेत. ‘पैसे पाण्यात’ असं ते म्हणतात त्यामागे बहुतेक पैशांपेक्षा काळजी जास्त आहे. मामेभावाच्या घरीही हाच कागद घेऊन तुम्ही स्वतः जा.

आणि या रविवारी एक करून बघा. मामेभावाला शेजारी बसवा, वळणावळणाचा एखादा रस्ता धरा, आणि साध्या वेगात तासभर त्याला मान खाली घालून पुस्तकातलं मोठ्याने वाचायला सांगा. चालत्या गाडीत वाचताना अनेकांना मळमळतं. काहींना सवयीने जमतं, काहींना कधीच जमत नाही. त्याचं काय होतं, ते सीटची ऑर्डर देण्याआधी तुम्हा दोघांना कळलेलं बरं.